गाणं, फोन आणि विमान

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केलेल्या माणसाला किस्से शोधत हिंडावं लागत नाही. कुणाची बायको रुसलेली, कुणाची म्हैस व्यालेली, कुणाच्या पोराचं लग्न मोडलेलं, सगळं बसल्या जागी कानात येऊन पडतं. बाहेर मात्र काढायचं नाही! मी ते पथ्य रिटायर होईपर्यंत पाळलं. आता कान रिकामे करायला बसले की सून म्हणते, "आई, आधी जेवून घ्या."

लोकांचे किस्से आजही सांगणार नाही. पण आम्हा एक्स्चेंजवाल्यांचे सांगायला कुणाची बंदी आहे? गावाचं नाव तेवढं विचारू नका. परभणी जिल्ह्यातलं, मानवतपासून एसटीनं जवळ, एवढं पुरे. नामांतराच्या चळवळीचे दिवस होते. औरंगाबादची लाइन एक तर तुंबलेली असायची, नाहीतर मेलेली. गावात डायलचे फोन आलेले नव्हते. लोकांनी फोनचं हँडल फिरवलं की आमच्या बोर्डावरची झडप खाली पडायची. मग आम्ही तिच्याखालच्या भोकात वायर खोचायचो आणि म्हणायचो, "नंबर प्लीज!"

आम्ही माणसं चारच. ऑपरेटर तीन: सगळ्यांत सीनियर सुमनबाई, मग गायकवाड आणि मी. चौथे अय्यूबभाई मेकॅनिक. शिवाय एक साहेब होते, पण ते दम्यानं बेजार असल्यामुळे आतल्या खोलीतच असायचे.

*

पहिल्या दिवशी सुमनबाईंनीच माझ्या डोक्यावर हेडसेट चढवला. तेव्हाचा हेडसेट म्हणजे काय प्रकरण होतं! डोक्यावरून पोलादी पट्टी, एका कानावर काळा जड रिसिव्हर, आणि बोलायला छातीवर टेकवलेला कर्णा. त्यात वेणी अडकायची, कानातलं रुतायचं. माझ्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. अय्यूबभाई दारातून ओरडले, "मुबारक हो! पोरीला दुसऱ्यांदा मुंडावळ्या बांधल्या की!"

मी रिसिव्हर उजव्या कानावर ठेवला होता. सुमनबाईंनी तो उचलला आणि डाव्या कानावर दाबून बसवला.

"डावा कान सरकारचा," त्या म्हणाल्या. "उजवा आपला. घरी गेलं की नवऱ्याचं उजव्यानं ऐकायचं."

"आणि सासूचं?"

"सासूचं डाव्यानं! संध्याकाळपर्यंत तो थकलेला असतो."

*

ट्रंक कॉलच्या, म्हणजे परगावच्या फोनच्या, बाबतीत सुमनबाईंचा एक नियम होता. तीन मिनिटं झाली की त्या लाइनवर जाऊन विचारायच्या, "तीन मिनिटं झाली. वाढवायची का?" हो म्हटलं की वाढवायच्या, नाही म्हटलं की वायर काढायच्या. आणि माणूस गप्प राहिला तर? "पार्टी बोलत नाही. कट करते." खट्! समोर तहसीलदार असो नाहीतर खुद्द आमचे साहेब.

एकदा गावातल्या एका देशमुखांचा पुण्याला कॉल लागला होता. मुलीच्या स्थळाचं बोलणं चाललं होतं. पलीकडचे म्हणाले, मुलगी आवडली, पण तिला शाळेतली नोकरी सोडावी लागेल. देशमुख थांबले. नेमकी तेव्हाच तीन मिनिटं झाली. सुमनबाईंनी विचारलं. देशमुख गप्प. खट्!

थोड्या वेळात दारात जीप! देशमुख फेटा सावरत आत आले.

"बाई, कट कामून केला वो? मी इचार करायलो होतो ना!"

"विचार घरी करावा, देशमुख. लाइनवर बोलावं."

देशमुखांचा चेहरा लाल झाला. पण माणूस खानदानी. ते तिथंच बाकावर बसले, आमचा चहा प्यायले, बराच वेळ मिशीला पीळ देत राहिले. मग म्हणाले, "लावा पुन्हा पुणं." कॉल लागला. देशमुख एकच वाक्य बोलले, "पोरगी नोकरी सोडनार न्हाई, पटत असंल तर सांगा!" आणि रिसिव्हर ठेवून मोकळे झाले.

लग्न त्याच घरात झालं. पेढे आधी एक्स्चेंजला आले, मग देवाला गेले.

*

सुमनबाईंचं घर म्हणजे त्या आणि लेक विद्या. नवरा लवकर गेला. विद्याला त्यांनी बोर्डावर बसून शिकवलं, लग्न करून दिलं, आणि जावई तिला अमेरिकेला घेऊन गेला. सुमनबाईंच्या रिटायरमेंटला दोनेक महिने राहिले आणि विद्याला दिवस असल्याची बातमी आली. "आई, तू बाळंतपणाला ये," असं विद्यानं कळवलं. जावयानं विमानाचं तिकीट पाठवायचं कबूल केलं. आमच्या एक्स्चेंजमधून कुणी विमानात बसणार! आम्ही सगळे हवेत.

सुमनबाई मात्र दिवसेंदिवस गप्प होत चालल्या. आणि एके दिवशी माझ्या लक्षात आलं, की त्यांचा रिसिव्हर उजव्या कानावर आहे.

मी म्हटलं, "बाई, हा तर आपला कान!"

"डावीकडून केस विस्कटतात गं," त्या म्हणाल्या.

त्यांचे केस कसले विस्कटतात! तेल लावून चापून बसवलेला अंबाडा. दुसऱ्या दिवशीही उजवाच. तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम त्यांच्या डाव्या बाजूला उभी राहिले आणि हळूच म्हणाले, "बाई, तुमच्या पदरावर पाल आहे."

त्या निवांत ट्रंक कॉलचं तिकीट लिहीत राहिल्या. मला रडूच आलं.

मग त्यांनी मला मागच्या व्हरांड्यात नेलं. "कुणाला सांगू नको, शकू, माझी शपथ आहे. डावा गेला माझा. पूर्ण नाही, पण मोठ्यानं बोललं तरच कळतं. उजवाही आता दमायला लागलाय. ऑपरेटरबाई बहिरी झाली म्हणून गाव हसंल." मग त्या म्हणाल्या, "मी अमेरिकेला जात नाही. विमानात काय सांगतात ते ऐकू येणार नाही. तिथं फोन वाजला तर कळणार नाही. अन् बाळ रात्री रडलं, मी शेजारी झोपलेली असले, अन् मला ऐकूच आलं नाही तर? विद्या काय म्हणंल? तिला कळवते, गुडघे दुखतात म्हणून."

माणसाचे गुडघे दुखले की लोक कीव करतात आणि कान गेले की हसतात, हा कुठला न्याय! मला गावाचाच राग आला. पण शपथ घातली होती, त्यामुळे बोलायची सोय नव्हती.

*

निरोपाच्या भेटीची चर्चा निघाली. साहेबांनी आतून खोकत सुचवलं, "शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ."

गायकवाड उसळला. "घड्याळ? बाईंला? साहेब, बाई सोताच घड्याळ हायत!"

हा गायकवाड गाण्यात बुडालेला माणूस. जयंतीच्या मिरवणुकीत त्याची भीमगीतं ऐकायला आजूबाजूच्या खेड्यांतून लोक यायचे. त्याचा धाकटा भाऊ नामांतराच्या मोर्चात पकडला गेला, तेव्हा त्याला सोडवायला गेलेला गायकवाड ठाण्यात दोन गाणी म्हणून, चहा पिऊन, भावाला घेऊन आला होता. पगार झाला की तो टेपरेकॉर्डरच्या दुकानात दिसणार, हे ठरलेलं. मी त्याच्यापुढे गळ टाकला.

"बाई विमानानं चालल्यात," मी म्हटलं. "त्यांना चांगला हेडफोन दिला तर?"

गायकवाडचे डोळे चमकले. "शकूताई, लाख बोललीस! पण असा पायजे की एकच, अन् तीन कामाचा. गानं ऐकायला चालला पायजे, फोनवर बोलताना चालला पायजे, अन् इमानात पन चालला पायजे!"

"आवाज जरा मोठा येणारा बघ," मी हळूच जोडलं. "दोन्ही कानांत."

अय्यूबभाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या माणसाचं सगळं आयुष्य लाइनमध्ये फॉल्ट कुठं आहे ते शोधण्यात गेलेलं होतं.

*

आठवड्याभरात टेबलावर दोन उमेदवार उभे राहिले. गायकवाडचा मेव्हणा पूर्ण्याला रेल्वेत होता, त्यानं सिकंदराबादहून एक आणला. वॉकमनबरोबर मिळतो तो, बारीक तारेचा, कानावर काळे स्पंज. फुलासारखा हलका! दुसरा अय्यूबभाईंच्या भावानं सौदीहून येताना आणलेला. तो म्हणजे दोन वाट्या आणि त्यांना जोडणारी कमान. दोन्ही वाट्यांना आवाज कमी-जास्त करायचं वेगवेगळं चाक. एवढा जड की गायकवाड म्हणाला, "हे घालून बाई इमानात बसल्या तर इमान एका अंगाला कलंडंल."

गाण्याची परीक्षा सोपी होती. फोनचं पुढं बघू म्हटलं. पण विमानाची परीक्षा आमच्या गावात घ्यायची कशी?

मानवतचे काबराशेठ जिनिंगवाले, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याचे मालक, आमचे रोजचे गिऱ्हाईक. मुंबईच्या कापसाच्या भावासाठी सकाळी पहिला कॉल त्यांचाच. आमच्या ओळखीत विमानात बसलेला माणूस तो एकच, म्हणून गायकवाडनं त्यांना लाइनवरच विचारलं, "शेठ, इमानात कसं असतंय?"

"लय आवाज!" शेठ म्हणाले. "वर जाताना कान बंद व्हायलेत म्हून ती पोरगी गोळी देती अन् कापूस देती. मी कापूस बोटानं वढून बघितला. म्हनलं, पोरी, ह्यो आखूड धाग्याचा हाय, कुनी फसवलं तुला?"

"पन आवाज कितीक असतोय?"

"आपल्या जिनिंगवानी."

झालं! रविवारी गायकवाड, मी आणि अय्यूबभाई टेपरेकॉर्डर घेऊन एसटीनं मानवतला. सीझन जोरात होता, सगळी मशिनं चालू. शेठनं मशिनाशेजारी खुर्ची टाकून दिली. गायकवाडनं आधी स्पंजवाला घातला. तो हातानंच नाही म्हणाला. मग वाट्या चढवल्या, चाकं फिरवली, डोळे मिटले आणि मान डोलवायला लागला.

आम्ही म्हटलं, पास! चला. पण गायकवाड उठेना. हाका मारल्या तर ऐकू येईनात. वर तो आता गायलाही लागला, आणि स्वतःचा आवाज कळत नसल्यामुळे मशिनापेक्षा मोठ्यानं! कापूस वेचून टाकणाऱ्या बाया काम सोडून गोळा झाल्या. त्याच्या मिशांवर, भुवयांवर, केसांवर कापूस बसत चाललेला, आणि हा सप्तसुरात.

एक म्हातारी शेठला म्हणाली, "मालक, ह्यो कोन हाय?"

"इमानाची परीक्षा घ्यायलाय," शेठ म्हणाले.

म्हातारीनं गायकवाडला नीट न्याहाळलं. "आन् इमान कवा इनार?"

*

आता सुमनबाईंना विचारून पक्कं करायचं होतं. दुपारी बोर्ड शांत असतो. गायकवाडनं जुन्या भावगीतांची कॅसेट टेपरेकॉर्डरमध्ये घातली आणि वाट्यांचा हेडफोन दोन्ही हातांनी मुकुटासारखा त्यांच्या डोक्यावर ठेवला.

"कसं वाटायलंय, बाई?"

सुमनबाईंनी डोळे मिटले. मानेनं ठेका धरला. चेहऱ्यावर हसू. "अहाहा! किती गोड गळा आहे रे बाईचा!"

मी टेबलाकडे पाहिलं. हेडफोनची पिन टेबलावरच पडलेली होती. गायकवाड ती टेपरेकॉर्डरमध्ये खोचायचंच विसरला होता, बटणही अजून दाबलेलं नव्हतं.

गायकवाडलाही ती दिसली. त्याचं तोंड उघडलं. मी त्याच्या पायावर असा पाय दिला की ते तसंच उघडं राहिलं. सुमनबाई डोलत होत्या. साहेब आतल्या दारात उभे होते, ते खोकायचे थांबले. मला वाटलं, आता धरणी दुभंगली तर बरं होईल.

अय्यूबभाई खुर्चीवरून उठले. पिन उचलली, धूळ पुसावी तशी शर्टाला पुसली, खोचली. मग सुमनबाईंच्या मागं जाऊन डाव्या वाटीचं चाक शेवटपर्यंत फिरवलं, उजव्या वाटीचं थोडंच. आणि त्यांच्या समोर येऊन मोठ्यानं म्हणाले, "बाई, वो गाना खतम हुआ. आता दुसरं लावतो."

बटण दाबलं.

सुमनबाईंचे डोळे उघडले. दोन्ही हात वाट्यांवर गेले. मग त्यांचा आवाज आला, अगदी लहान मुलीसारखा, "अगं बाई! शकू, तबला डावीकडं आहे!"

बोर्डावर झडप पडली होती. कुणीच उठलं नाही.

गाणं संपल्यावर सुमनबाईंनी हेडफोन उतरवला आणि मांडीवर ठेवला. पिनकडे पाहिलं, टेपरेकॉर्डरकडे पाहिलं, मग आम्हा चौघांकडे एकेक करून पाहिलं.

"हाच घेऊ," त्या म्हणाल्या. "पहिल्या बाईपेक्षा हा बुवा बरा गातो."

त्या दिवसानंतर आमच्या एक्स्चेंजमध्ये बाईंशी बोलताना जो तो त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन उभा राहायला लागला. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं.

*

राहता राहिला फोन. अय्यूबभाईंनी साबणाच्या डबीत कसलेकसले पार्ट भरून एक यंत्र केलं. त्याचं एक रबर फोनच्या रिसिव्हरला चिकटायचं, दुसऱ्या बाजूनं हेडफोनची पिन जायची, आणि फोनमधला आवाज डबीत मोठा होऊन दोन्ही कानांत यायचा. अमेरिकेत लेकीच्या घरी हे लावलं की झालं.

पहिली चाचणी मीच घरच्या फोनवरून केली. सुमनबाई एक्स्चेंजमध्ये हेडफोन घालून बसल्या. मी लेक झाले.

"आई, मी विद्या बोलतेय! कशी आहेस?"

"बरी आहे गं. तू?"

"मी बरी आहे. तुझे जावई पण बरे आहेत."

मग सुमनबाई गोंधळून म्हणाल्या, "कधीपासून?"

"कधीपासून काय?"

"अगं, त्यांच्यावर मावा पडलाय म्हणतात! पानं आतल्या बाजूनं तपासायला सांगतायत!"

डबीनं रेडिओवरचा शेतीचा कार्यक्रम पकडला होता. तिकडं अय्यूबभाईंनी कपाळावर हात मारला म्हणे. "बाई, वो दामाद नहीं, कपाशी हाय!" डबी पुन्हा उघडली, पत्र्याचं आवरण घातलं, तेव्हा कुठं जावई एकटेच लाइनवर राहिले.

आणि सुमनबाईंनी लेकीला कळवून टाकलं, की गुडघे बरे आहेत, येते.

*

पुढचा विमानातला किस्सा बाईंनी परत आल्यावर सांगितला, पण मी आधी सांगते. शेवटी ठेवायचा तो दुसरा आहे.

तर, विमान सुटलं. सुमनबाईंनी पिशवीतून आमचा तीन कामांचा हेडफोन काढला आणि पिन खोचायला जागा शोधायला लागल्या. खुर्चीच्या हातावर दोन भोकं होती, पण पिन कशी म्हणून बसेना! हवाईसुंदरी आली. तिनं डॉक्टरच्या गळ्यात असते तसली एक प्लास्टिकची पोकळ नळी दिली. त्या विमानात गाणं विजेच्या तारेतून येतच नव्हतं, नुसतं नळीतून फुंकल्यासारखं यायचं! जिनिंगमध्ये एवढा कापूस खाल्ला गायकवाडनं, पण हे काही शेठनं सांगितलं नव्हतं.

बाईंनी नळी कानात घातली. कानाला काहीतरी लागलं, आत खरखर झाली. तीस वर्षांची सवय! बाई ताठ बसल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "नंबर प्लीज!"

शेजारचे सरदारजी झोपेतून दचकून उठले. त्यांनी घाईघाईनं खिशातून बोर्डिंग कार्ड काढून बाईंपुढं धरलं.

बाईंनीही ते वाचलं. आणि म्हणाल्या, "ठीक आहे. झोपा."

मग आमचा हेडफोन कशाला लागला? तर बाईंनी पिन पदराला खोचली, वाट्या कानांवर घट्ट बसवल्या आणि इंजिनाचा आवाज बंद करून मस्त झोपल्या. अय्यूबभाईंना हे सांगितलं तेव्हा ते खूश झाले. म्हणाले, "देखो, विमानमें भी चला!"

*

आणि आता तो फोन.

बाई जाऊन दोनेक महिने झाले होते. एका सकाळी गायकवाड बोर्डावर होता. मुंबईची ऑपरेटर म्हणाली, "अमेरिकेचा कॉल आहे, एक्स्चेंज स्टाफसाठी." गायकवाडनं अशी हाक मारली की बाहेर खांबावर चढलेले अय्यूबभाई खाली आले. मी डबा टाकून धावले, हेडसेट चढवला, वायर खोचली. अय्यूबभाईंनी टेस्टिंगचा रिसिव्हर लावला. आम्ही तिघं श्वास रोखून.

खूप दूरवरून, समुद्राच्या तळातून यावा तसा आवाज आला. "हॅलो, एक्स्चेंज?"

"बाई!" आम्ही तिघंही एकदमच ओरडलो.

"हळू! मला ऐकू येतंय. गायकवाड, तुझी वायर ढिली आहे, खरखर करतेय. दाबून बसव."

गायकवाडनं वायर दाबली. खरखर थांबली. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे.

"आवाज खाली गेला," बाई म्हणाल्या. "आणखी कोण चिकटलं लाइनला? चौथं कोण आहे?"

मी मागं वळून पाहिलं. आतल्या खोलीत साहेबांनी गुपचूप त्यांचा फोन उचलून कानाला लावला होता.

"साहेब," अमेरिकेतून सुमनबाई म्हणाल्या, "तुमचा दम ऐकू येतोय मला. औषध वेळेवर घेत नाही ना?"

साहेब उभे राहिले. "घेतो, बाई," ते म्हणाले.

"मुलगी झाली. नात. रात्री मीच घेऊन झोपते. थांबा, देते तिला."

काहीतरी सरकलं, कपडा घासला. आणि मग एवढासा आवाज आला. हिक्. पुन्हा, हिक्.

"ऐकलं? उचकी लागलीय. सकाळपासून आठवण कोण काढतंय तिची? गायकवाड, तूच असशील." बाई हसल्या. मग जवळ येऊन, कानात सांगावं तशा म्हणाल्या, "शकू, अय्यूबभाईंना सांग. हेडफोन काढून, नुसतीच तिला खांद्यावर घेते ना मी, डाव्या खांद्यावर, कानाशी. तर ऐकू येतं गं. डाव्या कानाला ऐकू येतं. एवढंसं येतं, पण येतं."

अय्यूबभाईंनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. गायकवाड भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. साहेबांनी खुर्चीची पाठ धरली होती. मला खूप बोलायचं होतं. आम्ही चौघं लाइनवर होतो आणि लाइनवर नुसती शांतता होती. तेवढ्यात पलीकडचा आवाज बदलला. तोच, खणखणीत, बोर्डावरचा.

"तीन मिनिटं झाली. वाढवायची का?"

कुणाच्याच तोंडातून शब्द निघाला नाही.

"पार्टी बोलत नाही," सुमनबाई म्हणाल्या. "कट करते."

खट्!